माल चढताना भरलेला, की उतरताना?

गॅरेजात येणाऱ्या तक्रारींत पहिला मान ‘गाडी ओढत नाही’ हिचा. दुकान वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याला, त्यामुळे तो असायचाच. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ, आणि मधली सगळी चढण दहा-बारा किलोमीटरांच्या वळणांत. सपाटीवर महिनोन्‌महिने झाकलेलं गाडीचं दुखणं इथे दोन-तीन वळणांत उघडं पडतं.

तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्मे तरी ओझ्याचे धनी. दुधाचे कॅन लावणारे, पाचगणीच्या हॉटेलांना भाजी पोचवणारे, गॅसची टाकी मागे बांधणारे, पेंडीचं पोतं पेट्रोलच्या टाकीवर आडवं टाकून दोन्ही गुडघ्यांनी धरून चालवणारे. यातले बरेच जण औषधही स्वतःच ठरवून येतात. “मिस्त्री, पुढची चकरी एक दात कमी टाका, गाडी पळती म्हणत्यात.” पळत नाही, ओढते. पण चहाच्या टपरीवर मिळालेल्या सल्ल्यात एवढा फरक कोण करतो!

सल्ला चुकीचा नसतो. तरी मी लगेच पाना उचलत नाही. आधी गाडी डबल स्टँडवर घेतो आणि मागचं चाक हाताने फिरवून सोडतो. ब्रेकशू घासत असेल तर चाक तिथेच अडतं. चेन कोरडी, एअर फिल्टर लाल धुळीने बुजलेला, मागच्या टायरात हवा निम्मी, असं काहीतरी निघतंच. एकट्याने चालवताना हवा किती आणि मागे माणूस असताना किती, हे दोन्ही आकडे गाडीवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. शंभर किलो लादून फिरणारेही हवा एकट्याचीच भरतात, कारण पंपावरच्या पोराने तेवढीच भरलेली असते. मग क्लच. चौथ्या गिअरवर चढाला थ्रॉटल उघडला आणि इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी वाढली नाही, तर प्लेटा जळालेल्या. अशा गाडीला छोटी चकरी बसवली तर क्लचवरचा भार थोडा हलका होतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग गाडी घाटात मधेच उभी राहते. एवढं सगळं जागेवर असेल तरच दातांचा विषय.

दातांचा हिशेब पाचवीतल्या पोराला येईल असा आहे. चेन ओढणाऱ्या पुढच्या चकरीला १४ आणि मागच्या चाकावरच्या चकरीला ४२ दात अशी जोडी धरा. भागाकार तीन. पुढची चकरी तीनदा फिरते तेव्हा मागचं चाक एकदा. पुढे १३ केले की भागाकार ३.२३ होतो, म्हणजे ओढ आठेक टक्क्यांनी वाढली, आणि त्याच इंजिनफेऱ्यांना मिळणारा वेग त्याच प्रमाणात घटला. पुढचे १४ तसेच ठेवून मागे ४५ केले तर ३.२१. पुढचा एक दात मागच्या तिघांना भारी पडतो तो असा.

आता ओझं मोजू. शंभर सीसीची गाडी ११० किलो, माणूस सत्तर, झाले १८०. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन लावले. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, कॅनचं स्वतःचं वजन वेगळं, म्हणजे शंभर किलो सहज. एकूण २८०. चढावर उचलायचं वजन दीडपटीच्या वर गेलं आणि चकरीतून मिळाले आठ टक्के. हा हिशेब मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून गिऱ्हाइकापुढे धरतो. बहुतेकांचा चेहरा पडतो. मग पैसे कशाला घालवायचे, असा पुढचा प्रश्न.

घालवायचे, कारण ओझ्याच्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा गिअरांच्या मधल्या जागेत असतं. शंभर सीसीचं इंजिन साडेसात-आठ हॉर्सपॉवर देतं खरं, पण आठ हजार फेऱ्यांच्या आसपास. भरल्या गाडीने चौथ्यावर तीसच्या वेगाने चढत असाल तर इंजिन अडीच-तीन हजारांवर कण्हत असतं, तिथे त्याच्या हातात जेमतेम तिसरा हिस्सा ताकद. तिसरा टाकावा तर ते चढतं, पण किंचाळत. तिसऱ्या-चौथ्यात पंचवीस-तीस टक्क्यांचं अंतर असतं. एक पायरी गुडघ्याएवढी उंच आणि तिच्या अलीकडची वीतभर असली की जिना चढणाऱ्याची जी गत होते, ती इथे इंजिनाची होते. एक दात कमी केला की चौथा गिअर त्या अंतराचा पाव-तिसरा हिस्सा खाली उतरतो आणि मधल्या बेताच्या चढांना पुन्हा उपयोगी पडतो. खड्या चढाला तिसरा लागणारच, दुसराही लागेल. पण दर शंभर मीटरला वर-खाली करायचं आणि अर्ध्या क्लचवर गाडी लटकवायची, ते थांबतं.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिलं विचारतो ते वजन नव्हे. माल चढताना भरलेला असतो की उतरताना, हे विचारतो.

एक अण्णा वरच्या पठारावरून दूध खाली आणायचे. पहाटे भरलेले कॅन घेऊन घाट उतरायचा, डेअरीत ओतायचं आणि मोकळे कॅन खडखडवत वर जायचं. ते माझ्याकडे कधीच ओढत नाही म्हणून आले नाहीत. यायचे ते ब्रेकशूसाठी. नवे शू टाकले की पुन्हा थोड्याच दिवसांत काठावर. उघडलं की ड्रम आतून निळसर पडलेला, शूच्या लायनिंगवर काचेसारखी चमक. शंभर सीसीच्या गाडीला मागे ११० किंवा १३० मिलिमीटरचा ड्रम. त्यावर पावणेतीनशे किलो घाटभर धरून ठेवायचे म्हणजे तो तापणार, आणि तापला की धरणं सोडणार. अण्णा उतरायचे चौथ्यावर, पाय ब्रेकवर ठेवूनच. तिसरा टाकला की गाडी फार अडते आणि मागचा ट्रक हॉर्न मारतो, असं त्यांचं म्हणणं. चौथ्यावर सोडलं तर पळते. परत तीच मधली जागा, फक्त उलट्या दिशेने.

मी म्हटलं, “अण्णा, पुढची चकरी एक दातानं कमी करू.”

“आवं, चढायला तर मी मोकळाच असतोय. मग दात कशाला कमी करायचा?”

त्यांना पटवायला वेळ लागला. थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडली की चाक इंजिनाला फिरवतं आणि इंजिन चाकाला धरतं. दात कमी केले की तीच पकड वाढते. चौथा गिअर उतारावर जरा जास्त धरू लागला. वळणापुरता ब्रेक, एरवी इंजिनावर, असं ते शिकले. शू त्यानंतरही बदलावे लागतातच, पण आता कुठे एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचतात. त्यांची जुनी राजदूत असती तर हा इलाज एवढा लागू पडला नसता. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर धरत नाही म्हटलं तरी चालेल, शिवाय पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेलं. थ्रॉटल बंद करून लांब उतार उतरलात तर पेट्रोलबरोबर ऑईलही तुटतं. जुने दूधवाले उतारावर मधूनमधून थ्रॉटल उघडायचे ते हौस म्हणून नव्हे.

भाजीवाल्या दादाचं सगळं याच्या उलट. वाईतून पहाटे क्रेट भरायचे, दोन बाजूंना दोन, मागे आडवं एक, वर कोथिंबिरीचं गाठोडं, आणि उजाडायच्या आत पाचगणी. याला नुसता चढ. वर जाईल तशी हवाही विरळ होते. समुद्रसपाटीच्या मानाने पाचगणीला ती सात-आठ हिश्श्यांतला एक हिस्सा कमी, आणि इंजिन तर हवेवरच जगतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या वर गेल्या की पेट्रोल जास्त पिऊन काळा धूर टाकतात. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आल्यावर बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आलं, ते पेट्रोलचं प्रमाण हवेप्रमाणे जुळवून घेतं. पण नसलेली हवा तेही आणू शकत नाही.

दादाने आल्याआल्या सांगितलं, “दोन दात कमी करा. बाराची टाका.”

बाराची मी बसवत नाही. चकरी जितकी छोटी तितकी चेन तिच्यावरून जास्त कोनात मोडत जाते. प्रत्येक कडी दर फेरीला तेवढी जास्त वाकते आणि तिची पिन तेवढी लवकर झिजते. कमी दातांची चकरी गोल कमी आणि कोनांची जास्त, त्यामुळे चेन सरळ न धावता सूक्ष्म हिसके देत धावते. आणि चेनचा वरचा पदर खाली येऊन मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या रबराला घासू लागतो. ते रबर कापलं गेलं की मग लोखंडाला लोखंड. तेरापर्यंत मी जातो, पुढे नाही. मग उरतो मागचा मार्ग, तीन दात वाढवायचे. पण आपल्याकडच्या साध्या गाड्यांना चेनवर पूर्ण पत्र्याचं कव्हर असतं. मागची चकरी मोठी केली की ती कव्हरला आतून लागायला बघते. बुलेटवाल्या हौशी पोरांसारखं कव्हर काढून फेकावं, तर घाटातली लाल माती आणि पाऊस थेट चेनवर. ती माती ऑईलात कालवली गेली की तिचं वाळूकागदासारखं काम चालू होतं. त्यामुळे दादाला पुढे तेरा.

काम तसं तासाभराचं. गिअरचा लिव्हर काढायचा, डावीकडचं छोटं कव्हर उघडायचं. आत पहिल्यांदा चकरी दिसतच नाही. वर्षानुवर्षांचं ग्रीस, माती आणि चेनचा काळा चिकटा यांचा थर असतो, तो पेचकसाने उकरून काढायचा. मग दहा नंबरच्या पान्याने दोन बोल्ट, त्यांच्याखालची पट्टी किंचित फिरवून खाचांतून बाहेर, आणि चकरी हातात. जुन्या चकरीचे दात एका अंगाला झुकलेले असतात, माशाच्या परासारखे. अशा दातांवर चाललेली चेन नव्या चकरीवर चढवायची नाही. ताणलेल्या चेनच्या कड्यांचं अंतर वाढलेलं असतं, ती नव्या दातांना महिन्याभरात आपल्यासारखं करून ठेवते. बदलायचं तर पुढची, मागची आणि चेन, पूर्ण सेट. इथेच गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि इथेच मी ऐकत नाही. शेवटी चेनचं लॉक. क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलटं बसलं तर एखादा दगड, एखादी फांदी लागून क्लिप उडते आणि चेन घाटात सुटते. नव्या पोराला गॅरेजात घेतलं की मी हे लॉक त्याच्याकडून लावून घेतो आणि मग स्वतः वाकून बघतो. दहा वर्षांच्या कारागिराचंही बघतो, त्याला राग येतो, येऊ दे.

त्याच वेळी मागच्या हबमधले रबरही बघायचे. ओझ्याच्या गाडीचे ते चेपून चपटे झालेले असतात. गिअर टाकताना जो धक्का बसतो, तो लोक चेनच्या नावावर घालतात. निम्मा या रबरांचा असतो.

आणि ताण. चेनचा ताण गाडी स्टँडवर उभी असताना बोटाने वरखाली करून बघतात, दोन-अडीच सेंटिमीटर खेळली की ठीक. मोकळ्या गाडीला ते पुरतं. पण चिमटा वर उचलला जातो तशी चेन ताणली जाते. पुढची चकरी, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यात ताठ. भरलेली गाडी दिवसभर त्या रेषेच्या जवळपासच चालते. म्हणून मी दादाला सांगितलं, गाडी न्यायला येशील तेव्हा क्रेट भरूनच ये. तो समजला मी भाजी मागतोय! भरलेले क्रेट लावून, त्याला वर बसवून, मी खाली उकिडवा बसून चेन ताणली. स्टँडवर घेतल्यावर ती सैल दिसली. त्याने लगेच बोट घातलं, “लूज हाय की वो.” असू दे म्हटलं. ताठ चेनने गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, आणि त्याचं बिल या बिलाच्या कितीतरी पट असतं.

पंधरा दिवसांनी तो आला तो खूश होऊन, पण एक तक्रार होतीच. “सपाटीला काटा साठच दाखवतोय, आवाज मात्र ऐंशीचा येतोय.” बरोबर आहे. त्याच्या गाडीच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, चकरीशी तिचा संबंध नाही, म्हणून काटा खरं बोलतो. जिथे इंजिन पाच हजार फेऱ्या मारत होतं तिथे आता पाच हजार चारशेच्या जवळ. ज्या गाड्यांचा वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो, तिथे दात बदलला की मीटरच खोटं बोलू लागतं, जास्त दाखवतं. त्या मालकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. ॲव्हरेजचं विचाराल तर दादाचं फारसं हललं नाही. चढताना अर्धा क्लच वाचला, उतरताना थ्रॉटल बंदच. रोज हायवेवर पळणाऱ्याचं मात्र नक्की पडतं.

तसा एक हायवेवाला आलाच. शाळेतले सर, वाई ते सातारा रोज येऊन-जाऊन. अंगाने भरभक्कम. गाडी ओढत नाही, दात कमी करा. वजन विचारल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाले, “असेल नव्वद.” मागचे शॉक दबून बसलेले दिसत होते, ते वेगळं सांगत होते. शेजारी भुसार मालाचं दुकान आहे. मी म्हटलं, सर, काट्यावर उभे राहता का? हसत हसत उभे राहिले, काटा ११८ वर. दुकानदाराने भाव विचारला, त्यावर सरच सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांना मी दात कमी करून दिला नाही. सपाट रस्त्यावर एका वेगाने पळताना वजन इंजिनाला फारसं जड जात नाही, वारा जड जातो. वजन टोचतं ते गाडी उचलताना आणि चढाला, आणि सरांच्या वाटेत चढ म्हणजे दोन उड्डाणपूल. चकरी बदलली असती तर रोज सत्तर किलोमीटर इंजिन उगाच ओरडलं असतं. मागच्या शॉकच्या स्प्रिंगा हूकच्या पान्याने शेवटच्या खाचेवर नेल्या, टायरात दोघांची हवा भरली, क्लचप्लेटा बदलल्या. मॅडम मागे बसणार असतील तर एवढं ओझं या गाडीच्या कागदावर बसत नाही, हेही सांगितलं. शंभर सीसीच्या गाड्या माणूस आणि सामान मिळून साधारण १३० ते १५० किलोंसाठी केलेल्या असतात. दूधवाले, भाजीवाले ही मर्यादा रोज ओलांडतात आणि मी त्यांच्या गाड्या रोज दुरुस्त करतो. चकरीने गाडी ओढायला लागते. चिमटा, स्पोक, ब्रेक तेच राहतात. हे गिऱ्हाइकाला ऐकवतो. ऐकून तो क्रेट बांधायला लागतो, कारण पाचगणीच्या हॉटेलाला सातला भाजी हवी असते.

बुलेटची गोष्ट वेगळीच. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला मागे ३८ दात आणि ते ब्रेकड्रमचाच भाग. मागे हात लावायचा म्हणजे सगळा ड्रमच बदलायचा. म्हणून खेळ सगळा पुढे, सोळा-सतरा-अठराचा. आणि पुढची चकरी बसलीय क्लचच्या मागे. प्रायमरी कव्हर उघडा, ऑईल काढा, क्लच उतरवा, मग ती दिसणार. तासाभराचं काम अर्ध्या दिवसावर जातं. लेहला जोडीने निघालेले नवरा-बायको, लोखंडी कॅरिअर, दोन्ही बाजूंना पेट्रोलचे कॅन, असे लोक मे महिन्यात येतात. सतराच्या जागी सोळा केली की सहा टक्के मिळतात, लडाखच्या खिंडींत ते लागतात. मी विचारतो, वाईपासून मनालीपर्यंतचे दोन हजार किलोमीटर बहुतेक सपाटीचे, त्यांचं काय? काहीजण सोळाची चकरी पिशवीत घेऊन जातात, वर गेल्यावर बदलू म्हणून. क्लच उतरवायचा पुलर सोबत घेतला का, विचारलं की पिशवी पुन्हा उघडली जाते.

कंपनीच्या वॉरंटीतल्या गाडीला मी हे करत नाही. आणि ज्या गाडीला करतो तिची जुनी चकरी मालकाच्या हातात देतो, झिजलेली असली तरी, त्यावरचा दातांचा आकडा खडूने गिरवून. गाडी विकताना ही नव्या माणसाला दाखवा म्हणतो. फार कमी जण दाखवतात. घाटातली दुधाची गाडी साताऱ्यातला कॉलेजचा पोरगा स्वस्तात घेतो, मग फिरत फिरत माझ्याचकडे येतो, गाडी पळत नाही म्हणून. कार्बोरेटर दोन ठिकाणी खोलून आलेला असतो, पैसे गेलेले असतात. मी डावीकडचं कव्हर उघडतो, चिकटा उकरतो आणि दात मोजतो. तेरा. चौदाची टाकायला हवी. चेनही जुनीच असल्याने पूर्ण सेट बदलावा लागेल म्हटलं की पोरगं मोबाईलवर किमती शोधायला लागतं, आणि मी पुढच्या गाडीकडे वळतो.